दर गुरुवारी काप्री

ग्रिम्सबीत, फ्रीमन स्ट्रीटच्या टोकाला,
बंद पडलेल्या बुटांच्या दुकानाशेजारी
आमची ट्रॅव्हल एजन्सी होती.
काचेवर एक निळंशार पोस्टर, उन्हानं विटत चाललेलं,
ग्रिम्सबीच्या उन्हानं, म्हणजे फार सावकाश.

दर गुरुवारी, साडेतीनच्या सुमारास
मॉरीन ऑटली यायची.
ओला रेनकोट खुर्चीच्या पाठीवर टाकून विचारायची,
"हं, काप्रीचं काय?"

तिचे हात मी आधी पाहिले, चेहरा नंतर.
एकतीस वर्षं हॅडॉक कापलेले हात,
बर्फानं वाकवलेली बोटं.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर
अशा हातांनी मला सुटे पैसे परत दिलेत.

मी सांगायचे:
नेपल्सहून बोट, पाऊण तास, वर पाचेक मिनिटं.
चौकात कॉफी उभ्यानंच प्यावी,
खुर्चीत बसलात की बिल मानगुटीवर बसतं.
निळ्या गुहेत शिरताना नावेत आडवं पडायचं,
नावाडी साखळी धरून आत ओढतो,
डोकं वर काढलंत तर कपाळमोक्ष.
दर्या खवळलेला असला की गुहा बंद.
चपला पायाचं माप घेऊन शिवून देतात,
तुम्ही समोर बसून राहायचं.
आणि डोंगरावर न्यायला तारेवरच्या खुर्च्या,
एकेकट्याच्या.
जोडीनं बसता येत नाही.

ती लिहून घ्यायची. लाल वही, पेन्सिल,
ओळीबाहेर सांडणारं अक्षर.
आणि प्रश्न असे, की ब्रोशरला घाम फुटावा.
पायऱ्या किती? कठडा कुठल्या हाताला?
त्या खुर्चीत पाय लोंबकळतात का?
लोंबकळतात, म्हटलं.
खाली काय दिसतं?
बागा.
कसल्या?

आता काय सांगणार!
मी काप्री पाहिलेलं नाही.
माझी धाव क्लीथॉर्प्सपर्यंत,
जिथे ओहोटीला समुद्र जेवून उठतो
आणि ताट तसंच टाकून जातो, चिखलाचं.

तर मी म्हटलं, लिंबं.
कुणाच्या तरी परसात वाळत घातलेले पंचे.
विहिरीच्या रहाटाला तेल घालणारा एक म्हातारा.
एक कोंबडी,
जी मान वाकडी करून वर बघते.

कोंबडीखाली तिनं रेघ मारली.

चौदा महिने. बुकिंग शून्य.
नील, आमचा मॅनेजर, भुवया उडवायचा.
येईल, येईल, मी म्हणायचे,
आणि पुढच्या गुरुवारसाठी
म्हाताऱ्याला एक खोकला द्यायचे,
रहाटाला नवी दोरी.

मग हेड ऑफिसचं पत्र आलं.
शेवटच्या गुरुवारी ती आलीच नाही.
आली पुढल्या मंगळवारी, मी खोक्यांना चिकटपट्टी लावत असताना.
रेनकोट काढला नाही.

"केन गेला," म्हणाली.
"सहा वर्षं पलंगावर होता. छाती.
गुरुवारी रात्री, चहा झाला की, आम्ही निघायचो.
गुहा त्याला नाही आवडली, जीव घाबरायचा. एकदाच गेलो.
चपला शिवल्या. दोन जोड.
पण त्या खुर्च्यांवर मात्र,
अगं, किती वेळा!
तो पुढे, मी मागे.
कोंबडी आली की ओरड, म्हणायचा."

मी चिकटपट्टीचं टोक शोधत राहिले.
ते कधीच सापडत नाही.
कोंबडी माझ्या काकूची होती.
रहाट उभादांड्याचा, आता तिथे पंप आहे.
सांगावं का? अगदी ओठांवर आलं.

"एक राहिलंच विचारायचं," ती म्हणाली,
"केन सारखा विचारायचा.
त्या तेलवाल्या म्हाताऱ्याचं नाव काय गं?"

"बाबल," मी म्हटलं.

तिनं वही काढली. पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.
"बॉबल," लिहिता लिहिता म्हणाली,
"वाटतंच इटालियन."

साडेचारची बस होती तिला.